मशीन पळवू नका

गेल्या महिन्यात घरी पाण्याचा नवा फिल्टर बसवला. बसवणारा मुलगा घाईत होता. त्याने पाइप जोडला, सही घेतली आणि जाता जाता घडी घातलेला एक कागद आईच्या हातात ठेवला. कागदावर सहा भाषा होत्या, त्यात मराठीही होती. आईने चष्मा लावला आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली. सूचना क्रमांक दोन : ‘पहिले दहा लिटर पाणी पळू द्या आणि फेकून द्या.’ सूचना क्रमांक पाच : ‘मशीन पाण्याशिवाय पळवू नका.’

आई क्षणभर थांबली. मग म्हणाली, “म्हणजे पाण्यासकट पळवलं तर चालेल?”

मूळ इंग्रजी वाक्यं काय असतील हे ओळखायला फार डोकं लागत नाही. दोन्हीकडे एकच शब्द असणार : ‘रन’. आर, यू, एन, एवढी तीन अक्षरं. पहिलीतल्या मुलाला अर्थ विचारा, तो ‘पळणे’ म्हणून सांगेल. आणि ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशाने २०११ साली या शब्दाची नोंद नव्याने पुरी केली, तेव्हा नुसत्या क्रियापदाचे अर्थ भरले ६४५.

हा आकडा ऐकला की लोकांच्या प्रतिक्रिया दोनच असतात. एक, ‘काय वेडी भाषा आहे!’ आणि दुसरी, ‘मग शिकायची कशी?’ दोन्हींचं उत्तर देता येतं, पण त्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

चिठ्ठ्यांच्या गड्ड्या

या कोशाची कल्पना निघाली १८५७ साली, लंडनच्या फिलॉलॉजिकल सोसायटीत. गंमत अशी, की त्याच वर्षी मुंबईत मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची वाढवलेली दुसरी आवृत्ती छापून बाहेर पडली. आपल्याकडे कोशाची दुसरी आवृत्ती आली तेव्हा त्यांचा अजून विचारच चालला होता. पुढे जेम्स मरे नावाचे शाळामास्तर संपादक झाले. त्यांनी घराच्या आवारात पत्र्याची शेड उभारली, आत कप्पेच कप्पे केले आणि लोकांना आवाहन केलं : वाचा, आणि चिठ्ठ्या पाठवा. एका चिठ्ठीवर एक शब्द, तो ज्या वाक्यात सापडला ते वाक्य, पुस्तकाचं नाव आणि साल. अशा लाखो चिठ्ठ्या आल्या. पहिला भाग १८८४ साली निघाला आणि शेवटचा १९२८ साली. तो बघायला मरे नव्हते, ते १९१५ मध्येच गेले.

कोशातला ‘अर्थ’ म्हणजे काय, ते या शेडमध्ये उभं राहिलं की कळतं. पोस्टात टपाल निवडतात तसं कोशकार चिठ्ठ्या निवडतो. ज्या वाक्यांत शब्द एकाच कामाला आला आहे, त्या चिठ्ठ्यांची एक गड्डी. दुसऱ्या कामाला आला असेल तर दुसरी गड्डी. एक गड्डी म्हणजे एक अर्थ. गड्ड्या लावून झाल्या की प्रत्येकीतली सर्वांत जुनी चिठ्ठी वर ठेवायची, म्हणजे कुठला अर्थ आधी आला आणि कुठला नंतर, तेही दिसतं.

या कोशाच्या १९८९ च्या वीस खंडी आवृत्तीत सर्वांत लांब नोंद ‘सेट’ या शब्दाची होती : ४३० अर्थ आणि साठ हजार शब्दांचा मजकूर. एका शब्दावर एक बऱ्यापैकी कादंबरीच. २००० सालापासून कोशाच्या नव्याने तपासलेल्या नोंदी बाहेर पडू लागल्या, तेव्हा आधी ‘मेक’ पुढे गेला, मग ‘पुट’ आणि शेवटी ‘रन’ने सगळ्यांना मागे टाकलं. पीटर गिलिव्हर या कोशकाराला त्या एका शब्दाला नऊ महिने लागले.

‘सेट’ म्हटलं की मला दही आठवतं. इंग्रजीत दही ‘सेट’ होतं, आपल्याकडे ते ‘लागतं’. हे लक्षात असू द्या, पुढे लागेल.

पाव किलो पाव

एक घोळ आधीच मिटवून टाकू. बेकरीत जाऊन तुम्ही ‘पाव किलो पाव’ मागितलात, तर त्यातला पहिला पाव संस्कृतातल्या ‘पाद’वरून आलेला, म्हणजे चौथा हिस्सा. दुसरा पोर्तुगीजांबरोबर आलेला, त्यांचा रोटीसाठीचा शब्द. ‘देवा, मला पाव’ म्हणताना येतो तो तिसराच, प्राप्त होण्याशी नातं सांगणारा. हे तीन वेगळे शब्द आहेत, चेहरा तेवढा एक. लोकलच्या डब्यात दोन अनोळखी कुलकर्णी शेजारी बसावेत, तसं. इंग्रजीत क्रिकेटची बॅट आणि वटवाघूळ या अर्थाची बॅट यांचं असंच आहे. कोशात अशा शब्दांना वेगवेगळ्या नोंदी मिळतात.

‘रन’ची गोष्ट वेगळी. तिथे एकाच वाड्यात वाढलेली भावंडं, चुलत भावंडं आणि त्यांची पोरंबाळं आहेत. शब्द एक आणि त्याचे अर्थ एकातून एक फुटलेले. याला ‘अनेकार्थता’ म्हणतात. या लेखात एवढा एकच जड शब्द आहे, तोही पुन्हा फारसा वापरणार नाही.

पळणं आणि वाहणं

मग वाड्यातला मूळ पुरुष कोण? जर्मन ही इंग्रजीची जवळची नातलग. तिच्यात आजही ‘रिनन’ म्हणजे वाहणं आणि ‘रेनन’ म्हणजे पळणं. जुन्या इंग्रजीतल्या शब्दातही पळणं आणि वाहणं एकत्रच नांदत होतं. आपल्याला याचं नवल वाटायचं कारण नाही. ज्या संस्कृत ‘धाव्’ धातूपासून आपलं ‘धावणं’ आलं, त्याचेही अर्थ कोशात पळणे आणि वाहणे असे दोन्ही दिलेले आहेत.

म्हणजे ‘रन’च्या पोटात पायाने पळणारं माणूस एकटं नाही, तिथे पाणीही आहे. न अडता, न थांबता एका दिशेने सरकत राहणं, हे मूळ चित्र. ते डोळ्यांसमोर ठेवलं की पुढचा बराच गोतावळा आपोआप ओळखू येतो. सर्दीने नाक ‘रन’ होतं. नळ ‘रन’ होतो. नवा लाल कुर्ता पांढऱ्या कपड्यांत पडला की त्याचा रंग ‘रन’ होतो. हे सगळं पाण्याच्या अंगाने आलं. पायांच्या अंगाने बघा : ठाण्याहून कर्जतला गाडी ‘रन’ होते, सुताची गिरणी ‘रन’ होते, कंप्युटरवर प्रोग्राम ‘रन’ होतो, दुकान ‘रन’ होतं. काळही सरकतोच, म्हणून भाडेकरार अकरा महिने ‘रन’ होतो.

मराठीत या प्रत्येकाला आपण वेगळं क्रियापद देतो. नाक वाहतं, नळ सुरू असतो, रंग जातो, गाडी धावते, गिरणी चालते, करार ‘असतो’. फिल्टरच्या कागदाचा घोळ नेमका इथे झाला. इंग्रजीतल्या एका दाराच्या मागे मराठीत सहा खोल्या आहेत आणि भाषांतर करणारा पहिल्याच खोलीत शिरून बसला.

सर्वांत मजेदार म्हणजे रस्ता. इंग्रजीत रस्ता नदीकाठाने ‘रन’ होतो. रस्ता तर जागचा हलत नाही. मग पळतं कोण? आपली नजर. हसण्याआधी आपलं बघा : आपला रस्ता नदीकाठाने ‘जातो’, घाट उतरला की खोपोली ‘येते’, आणि डावीकडे एक फाटा ‘फुटतो’. खोपोली तिच्या जागीच असते, येतो आपण.

न पळता काढलेल्या धावा

शब्दाचा अर्थ सरकण्याचा दुसरा एक मार्ग आहे. क्रिया असते, तिचं नाव तिच्याशी चिकटलेल्या वस्तूला मिळतं. क्रिकेटमध्ये फलंदाज या टोकाकडून त्या टोकाला पळाला की एक ‘रन’. आधी पळणं होतं, मग त्या पळण्याची मोजणी झाली, आणि मग पळणं गळून नुसती मोजणी उरली. चेंडू सीमेपार गेला की फलंदाज बॅटवर रेलून उभा असतो आणि समालोचक म्हणतो, ‘चार धावा!’ कोण धावलं? सीमारेषेवरचा क्षेत्ररक्षक धावला असलाच तर, पण त्याच्या नावावर काही जमा होत नाही. मराठीने ‘रन’ची ‘धाव’ केली ती या सगळ्या सामानासकट. ‘रन आउट’साठी मात्र आपण कुस्तीच्या आखाड्यातून ‘चीत’ उचललं आणि ‘धावचीत’ घडवलं. मला हा शब्द मूळ इंग्रजीपेक्षा सरस वाटतो.

बँकेवरच्या ‘रन’ची कथा अगदी अशीच. बँक बुडणार अशी कुणकुण लागली की ठेवीदार पैसे काढायला धावत सुटायचे, दारात रांगा लागायच्या, म्हणून ती ‘रन’. मार्च २०२३ मध्ये अमेरिकेतल्या सिलिकॉन व्हॅली बँकेतून ठेवीदारांनी एका दिवसात ४२ अब्ज डॉलर काढायला घेतले आणि दुसऱ्या दिवशी बँक बंद पडली. यातले बहुतेक लोक खुर्चीतून उठलेही नसतील, फोनवर बोट फिरवलं असेल. पळणं गेलं, शब्द राहिला.

क्रियेचं नाव जागेलाही मिळतं. कोंबड्यांना हिंडायला जाळी लावून जे अंगण करतात, ते इंग्रजीत कोंबड्यांचं ‘रन’. बर्फावरून घसरण्याची उतरती वाट, तीही ‘रन’. आपल्याकडे याचा उत्तम नमुना म्हणजे ‘बैठक’. मुळात बसण्याची क्रिया. मग जिथे बसायचं ती गादी-तक्क्यांची जागा, ती बैठक. तिथे चार माणसं ठरवून बसली की झाली सोसायटीची बैठक. लावणीची बैठक निराळी, तालमीत मारतात त्या बैठका निराळ्या, आणि ‘त्यांच्या लेखनाला वैचारिक बैठक आहे’ म्हणताना गादीही नसते आणि माणसंही नसतात. परदेशी विद्यार्थ्याने विचारलं की एकाच शब्दाचा अर्थ फर्निचर, मीटिंग आणि व्यायाम कसा, तर आपण गोंधळून जाऊ. कारण आपल्याला तो कधी कोड्यासारखा दिसलेलाच नसतो.

पळणे आणि पळवणे

इंग्रजीत ही गर्दी इतकी का वाढली, याचं एक कारण व्याकरणात आहे आणि ते मराठी माणसाला पटकन समजेल. आपण ‘पळणे’ आणि ‘पळवणे’, ‘चालणे’ आणि ‘चालवणे’ असा फरक शब्दाच्या अंगावरच दाखवतो. दुकान चालतं, शेटजी दुकान चालवतात. जुन्या इंग्रजीतही स्वतः पळण्याचं एक क्रियापद होतं आणि दुसऱ्याला पळवण्याचं वेगळं, जवळजवळ सारखंच. शतकांच्या वापरात प्रत्यय झिजले आणि दोन्ही एकमेकांत मिसळून एकच ‘रन’ उरला. आज दुकानही ‘रन’ होतं आणि शेटजीही दुकान ‘रन’ करतात. भर म्हणून नामही तेच : पळणं ‘रन’, पळवणं ‘रन’, आणि पळापळही ‘रन’.

त्यात मागे जोडायचे छोटे शब्द. ‘रन आउट’ म्हणजे साखर संपणं, ‘रन इन्टू’ म्हणजे बाजारात अवचित गाठ पडणं, ‘रन डाउन’ म्हणजे माणूस थकून खंगणं किंवा गाडीखाली चिरडणं. आपण हेच काम जोडक्रियापदांवर भागवतो : खाऊन टाकणं, बोलून बसणं, देऊन ठेवणं. ‘बोलून बसलो’ यात कोणी बसत नाही, हे परक्याला सांगून बघा.

जाता जाता निवडणुकीचं. अमेरिकेत उमेदवार निवडणुकीला ‘रन’ करतो. ब्रिटनमध्ये तो ‘स्टँड’ करतो, म्हणजे उभा राहतो. आपल्याकडे तो आधी उभा राहतो, मग लढवतो आणि बहुतेक वेळा पडतो.

‘पण आपली भाषा कशी नेमकी!’

इथे कोणीतरी नक्की म्हणेल : इंग्रजी भोंगळच आहे, मराठीत प्रत्येक गोष्टीला नेमका शब्द असतो, आत्ताच नाही का वाहणे, जाणे, चालणे असे वेगळे शब्द दिलेत? तर त्यांनी हे वाचावं.

सकाळी शेजारचा रेडिओ लागला तसा उठलो. रात्री झोप उशिरा लागली होती. दूध तापत ठेवलं, ते खाली लागलं. ते उतरवायच्या गडबडीत ओट्याचा कोपरा लागला. भूक लागली होती, पण ऑफिसला जायला तास लागतो, म्हणून तसाच निघालो. मला बस लागते, त्यामुळे ट्रेनने जातो. फलाटावर गाडी लागलेलीच होती. वाटेत भाचीला फोन केला, लागला नाही. तिचा बारावीचा निकाल लागणार होता. भाची म्हणजे सख्खी नव्हे, दुरून लागते. दुपारी पाऊस पडू लागला, छत्री घ्यावी लागली, तीनशे रुपये लागले. मित्र म्हणाला, “दरवर्षी हरवतोस आणि दरवर्षी घेतोस.” ते जरा मनाला लागलं. संध्याकाळी भाचीचा फोन आला, हव्या त्या कॉलेजात नंबर लागेल म्हणाली. घरी आलो तर दही मस्त लागलं होतं.

मोजा. सतरा वेळा आलाय ‘लागणे’, आणि कोपरा लागण्यात नि भूक लागण्यात, गाडी लागण्यात नि बस लागण्यात सामायिक काय आहे हे एका वाक्यात सांगून दाखवा. यात आग लागली नाही, नजर लागली नाही, चटक लागली नाही, मासा गळाला लागला नाही, आणि वाट तर लागायचीच राहिली. मोल्सवर्थचा कोश उघडा किंवा दाते-कर्वे यांचा १९३२ पासून निघालेला ‘महाराष्ट्र शब्दकोश’ उघडा, या शब्दाच्या नोंदीवरून बोट खाली न्यायला वेळ लागेल. (हे अठरावं.)

याचंही मूळ चित्र शोधता येतं : एक गोष्ट दुसरीला जाऊन चिकटणं. दूध भांड्याला चिकटतं, कोपरा अंगाला, गाडी फलाटाला, फोन पलीकडच्या फोनला, नातं माणसाला, भूक पोटाला. ‘रन’ सरकतं, ‘लागणे’ चिकटतं. एकाला प्रवाहाचं चित्र मिळालं, दुसऱ्याला स्पर्शाचं. दही कसं बसवायचं यात? पातळ होतं ते एकमेकांना धरून राहिलं, असं मी समजतो. ‘पाऊस पडू लागला’ आणि ‘छत्री घ्यावी लागली’ यांत मात्र चिकटण्याचा वास फार पुसट झालाय. तिथे ‘लागणे’ हा शब्द राहिला नाही, सुरुवात आणि सक्ती दाखवणारं व्याकरणाचं अवजार झालाय.

६४५ च का, ५०० का नाहीत?

योग्य शंका आहे. अर्थ हे दाण्यांसारखे सुटे मोजायला मिळत नाहीत. काकडीच्या फोडी किती, याचं उत्तर जसं चिरणाऱ्याच्या हातावर असतं, तसंच हे. गाडी ‘रन’ होणं आणि गिरणी ‘रन’ होणं या दोन गड्ड्या की एक? इंग्रजी कोशकारांत यावरून दोन तट मानतात : एक जमेल तेवढं एकत्र बांधणारे, दुसरे बारीक चिरणारे. ऑक्सफर्डचा मोठा कोश बारीक चिरणाऱ्यांचा, कारण त्याला प्रत्येक छटेचा जन्म कधी झाला हे दाखवायचं असतं. त्यात मेलेले अर्थही मोजलेले असतात, जे चारशे वर्षांत कोणी वापरलेले नाहीत. शाळेच्या दप्तरात मावणाऱ्या कोशात हाच शब्द अर्ध्या-पाऊण पानात आटोपतो. दोन्ही कोश खरेच सांगतात.

‘रन’ने ‘सेट’ला गाठलं ते यंत्रयुगामुळे, असं काही जण म्हणतात : इंजिनं, मोटारी, कंप्युटर, जे जे चालू होतं ते सगळं इंग्रजीत ‘रन’ होतं. यात तथ्य आहे. पण १९८९ चा ‘सेट’ आणि २०११ चा ‘रन’ ही तुलना म्हणजे एकाचा जुना फोटो आणि दुसऱ्याचा ताजा. ‘सेट’ची नोंदही नव्याने तपासली की तीही फुगणारच. त्यामुळे शर्यतीचा निकाल मी फार मनावर घेत नाही.

चमच्याचं दुखणं

एवढे अर्थ नेमके अशा साध्यासुध्या शब्दांनाच का चिकटतात? ‘ऑक्सिजन’ला का नाही? घरातला चमचा बघा. भाजी वाढायला तोच, औषध मोजायला तोच, डब्याचं घट्ट झाकण उचकटायला तोच, रिमोटचा सेल काढायलाही तोच. साहेबांच्या मागे फिरणाऱ्यालाही आपण तेच नाव दिलंय. पुरणयंत्राला असली कामं कोणी सांगत नाही, कारण ते माळ्यावर असतं. जो हाताशी, त्याच्यावर काम. अमेरिकेतले अभ्यासक जॉर्ज झिप्फ यांनी १९४५ मध्ये हेच मोजून दाखवलं : शब्द जितका जास्त वापरात, तितके त्याचे अर्थ जास्त. आणि जास्त वापराचे शब्द झिजून आखूडही असतात, म्हणून ही सगळी मंडळी तीन-चार अक्षरी.

यावर एक आक्षेप येतो, की प्रत्येक अर्थाला नवा शब्द का काढत नाहीत? काढून बघा. फोन लागण्याला एक, दही लागण्याला दुसरा, निकाल लागण्याला तिसरा. पाठांतर वाढेल, आणि पदरात काय पडेल? गोंधळ तर आत्ताही होत नाही. ‘फोन लागत नाही’ ऐकून कोणी फोनला दह्याचं विरजण लावत नाही.

भोकातून दिसणारा शब्द

तो गोंधळ का होत नाही, हे अमेरिकेतले गणिती वॉरन वीव्हर यांनी १९४९ मध्ये छान समजावलं होतं. यंत्राकडून भाषांतर करून घेता येईल का, यावर त्यांनी एक टिपण लिहिलं. त्यातली कल्पना अशी : पुस्तकाच्या पानावर पुठ्ठा ठेवा आणि त्याला एकच शब्द दिसेल एवढं भोक पाडा. त्या शब्दाचा अर्थ सांगता येणार नाही. भोक रुंद करा, डावीउजवीकडचे दोन-चार शब्द दिसू द्या, अर्थ उलगडायला लागतो. ‘लागला’ एवढंच दिसलं तर काय कळणार? शेजारी ‘निकाल’ दिसला की संपलं. इंग्लंडचे भाषाशास्त्रज्ञ जे. आर. फर्थ, जे १९२० च्या दशकात लाहोरला पंजाब विद्यापीठात इंग्रजी शिकवत, त्यांचं प्रसिद्ध म्हणणं हेच : शब्द ओळखायचा तो त्याच्या संगतीवरून. आपल्या आजीने माणसांबद्दल जे सांगितलं होतं, तेच.

पण नुसती संगत पुरत नाही, हे १९६० मध्ये इस्रायलचे तत्त्वज्ञ येहोशुआ बार-हिलेल यांनी एका फुटकळ वाक्याने दाखवलं : ‘पेटी पेनमध्ये होती.’ इंग्रजीत ‘पेन’ म्हणजे लेखणी, आणि लहान मुलांना खेळायला घालतात तो कठड्याचा चौकोनही. लेखणीत पेटी मावत नाही, हे वाक्यात कुठेच लिहिलेलं नाही. ते आपल्याला ठाऊक असतं, कारण आपण पेट्या उचलल्यात आणि पेनं हरवलीत. यंत्राला हे कसं कळणार, असा त्यांचा सवाल होता.

आजची भाषांतरयंत्रं भोक खूप रुंद ठेवतात. पूर्ण वाक्य, कधी पूर्ण परिच्छेद एकदम पाहतात, आणि अफाट मजकूर आधीच चाळलेला असल्यामुळे पाण्याच्या शेजारी ‘रन’ आला की ‘वाहणं’ आणि मोटरच्या शेजारी आला की ‘चालणं’ हे त्यांना बरंच जमतं. घसरतात ती जिथे संगतच नसते तिथे : बटणावरचा एकटा शब्द, तक्त्यातली तुटक ओळ, माहितीपत्रकातल्या चार शब्दी सूचना. आमच्या फिल्टरच्या कागदाचं असंच काहीतरी झालं असावं, असा माझा संशय आहे. तुमच्या फोनवर मराठी लावून बघा, मेन्यूत एकटे पडलेले असे शब्द चिक्कार सापडतील.

कोर्टात गेलेला शब्द

कागदावरची चूक हसण्यावारी नेता येते. अमेरिकेत मात्र असाच एक साधा शब्द सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. अमली पदार्थांचा गुन्हा करताना जो बंदूक ‘कॅरी’ करेल त्याला किमान पाच वर्षं जादा कैद, असा कायदा. एकाने गांजा विकायला ट्रकने नेला, पिस्तूल ट्रकच्या कुलूपबंद कप्प्यात होतं. त्याने पिस्तूल ‘कॅरी’ केलं का? ‘कॅरी’ म्हणजे अंगावर बाळगणंही आणि गाडीतून वाहून नेणंही. १९९८ मध्ये पाच विरुद्ध चार अशा मतांनी निकाल लागला : केलं. बहुमताच्या बाजूने न्यायमूर्ती स्टीफन ब्रेयर यांनी कोश उघडले, बायबल उघडलं, वर्तमानपत्रांतली वाक्यं धुंडाळली. विरुद्ध मत देणाऱ्या न्यायमूर्ती रूथ बेडर गिन्सबर्ग यांनीही कोश आणि बायबलच पुढे केलं, आणि उलट अर्थ काढला.

मराठीत ‘बाळगणे’ आणि ‘वाहून नेणे’ वेगळे असल्यामुळे हा खटला आपल्याकडे असा उभाच राहिला नसता. दुसऱ्या एखाद्या शब्दावर राहिला असता.

मुलांना काय शिकवायचं

६४५ अर्थ तर कोणीच पाठ करत नाही, इंग्रजही नाही. बारक्यांना शिकवताना शब्द एकटा देऊ नये एवढं पुरे. ‘रन म्हणजे पळणे’ असं वहीत लिहून घेण्याऐवजी नाक आणि नळ, दुकान आणि गाडी यांच्याबरोबरची अख्खी वाक्यं तोंडात बसवावीत. आपल्या मुलांना ‘लागणे’ असंच येतं. कोणी त्यांना यादी दिलेली नसते.

आणि इंग्रजी शब्द मराठीत राहायला येतो तेव्हा तो सगळा बाडबिस्तरा आणत नाही, एखाददुसरी पिशवी घेऊन येतो. सुतार ‘रनिंग फुटाला’ भाव सांगतो, जुन्या स्कूटरच्या जाहिरातीत ती ‘रनिंग कंडिशनमध्ये’ असते, लोकलमध्ये ‘रनिंगमध्ये चढू नको’ म्हणून ओरडतात. बाकीचे सहाशे अर्थ समुद्रापलीकडेच राहिले.

फिल्टरचा कागद शेवटी मी दुरुस्त केला. पेनने खाडाखोड करून लिहिलं : ‘पहिलं दहा लिटर पाणी सोडून द्या. पाणी नसताना मशीन चालवू नका.’ आईला वाचून दाखवलं. तिने कागद फ्रिजवर चुंबकाखाली लावला, लांबून पुन्हा एकदा वाचला.

“चालवू नका,” ती म्हणाली. “पण ते तर भिंतीला लावलंय ना रे?”